कमी मापाची गाणी

"त्यात काय, एका रविवारी करून टाकतो," हे वाक्य जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यांच्या हातून निघून गेले. वाक्य बोलताना ते सासऱ्यांच्या घरी खुर्चीच्या कडेवर, बशी गुडघ्यावर सांभाळत बसले होते. माणूस अवघडून बसलेला असला की नको ते कबूल करून बसतो, असं त्यांनी घरी आल्यावर बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. बायको म्हणाली, "मग सोफ्यावर बसायचं होतं."

प्रकरण तसं साधं होतं. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हात सुधारला, पाय सुधारला, पण बोलणं काही परत आलं नाही. त्यांना सगळं कळायचं, कोण आलं, कोण गेलं, दुधाचं पातेलं कुणी उघडं ठेवलं, सगळं. पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. स्पीच थेरपीला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "कधीकधी बोलणं अडतं, पण गाणं अडत नाही. यांच्या ओळखीची गाणी रोज कानावर पडू द्या. त्यांच्या पाठोपाठ एखादा शब्द बाहेर येईल. मात्र उशीर करू नका. जे सुधारायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त सुधारतं."

थोरले जावई इमारतींचे ठेकेदार. त्यांना कुठल्याही कामाला उशीर झालेला खपत नाही, म्हणजे स्वतःच्या इमारती सोडून. ते दुसऱ्याच दिवशी हजारो गाणी भरलेला तयार डबा घेऊन हजर झाले. सासूबाईंनी त्यातली दोन गाणी ऐकली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गाणी तीच होती, पण त्यांची नव्हती. त्यांची गाणी कपाटात होती. सासऱ्यांना तरुणपणी रेडिओवरची गाणी टेप करायचा नाद होता आणि त्या कॅसेटी सासूबाईंनी संसारभर ऐकल्या होत्या. आता टेपरेकॉर्डर म्हातारा झालेला, कॅसेट मधेच गिळणारा, आणि बाजू बदलायला दरवेळी उठायचं म्हणजे सासऱ्यांचे गुडघे कुरकुरणार. तेव्हा ती गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची, छोट्या प्लेअरमध्ये भरायची आणि तो प्लेअर सासूबाईंच्या उशाशी ठेवायचा, एवढंच काम होतं. थोरले जावई तोंडघशी पडलेले पाहून धाकट्या जावयांना जी उमेद आली तिच्या भरात ते वरचं वाक्य बोलून गेले, आणि निघताना कॅसेटींची पिशवी आणि टेपरेकॉर्डर दोन्ही उचलून घरी घेऊन आले.

आता जावईबापू कोण हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या नोकरीतून निघाला. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. तराजूची दांडी, लिटरचं माप, कापडाची पट्टी यांच्याकडे संशयाने पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाजारातून ते चालले की दुकानदार उगाचच तराजू पुसायला घेत. घरी बायकोने पाव किलो काही आणलं तर ते हातात घेऊन नुसतं उचलून पाहत आणि काही न बोलता खाली ठेवत. त्या न बोलण्याला बायको वर्षानुवर्षं वैतागलेली होती.

पहिल्या रविवारी वायर जोडली आणि कॅसेट सुरू केली. फ्रिज चालू झाला की गाण्यात टक्क असा आवाज उमटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. फ्रिज बंद. मग मिक्सर बंद, पंखा बंद. मग त्यांनी घरात बोलायलाही बंदी केली. मुलगी कॉलेजात शिकते, म्हणजे बापाला काही कळत नाही हे नुकतंच शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, टेपमधून वायरने आवाज जातोय. वायरला कान नसतात." जावईबापूंनी ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत दूध नासलं, भाजी सुकली आणि कॅसेटी मात्र कॉम्प्युटरवर आल्या. मूळ आवाज जसाच्या तसा. इथेच ते थांबले असते तर ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती.

पण मूळ आवाजाच्या फायली एवढ्या मोठ्या झाल्या की प्लेअरमध्ये दोनचार गाणी जेमतेम मावत होती. त्या लहान करायला हव्यात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मुलीने उतरवून दिलं, आणि "गाणी साठवा" या बटणावर बोट ठेवताच समोर एक खिडकी उघडली. त्या खिडकीत जावईबापू अडकले ते अडकलेच.

दर सेकंदाला किती माल भरायचा ते ठरवा, असं ती खिडकी विचारत होती. चौसष्ट, शहाण्णव, एकशे अठ्ठावीस, असं करत करत तीनशे वीसपर्यंत. हे समजण्यासारखं होतं. पाव, अर्धा, पाऊण, एक, तसंच. पण त्याच्या खाली पर्याय होता की माप स्थिर हवं की बदलतं. बदलतं म्हणजे काय, असं त्यांनी मुलीला विचारलं.

"म्हणजे गाण्यात जिथे जास्त काही चाललंय तिथे जास्त भरायचं, जिथे शांत आहे तिथे कमी."

"म्हणजे दर सेकंदाला वेगळं माप?"

"हो. बदलतंच चांगलं असतं, सगळे तेच वापरतात."

दर सेकंदाला वेगळं माप देणाऱ्या दुकानदाराला जावईबापूंनी आजवर सोडलं नव्हतं. आणि हे सगळे वापरतात म्हणे. पुढे दर्जाचे आकडे होते, शून्य ते नऊ, आणि त्यात शून्य सर्वोत्तम. शून्य म्हणजे सर्वोत्तम असं कुठल्या काट्यावर असतं? ते उठून गॅलरीत गेले आणि परत आले. मग त्यांनी विचारलं, "पण लहान करताना हे कापतं काय?"

"जे माणसाला ऐकू येत नाही ते. मोठ्या आवाजामागे बारीक आवाज असला तर तो काढून टाकतं."

"माणसाला ऐकू येत नाही हे कुणी ठरवलं? कुठल्या माणसाला?"

 मुलगी आत निघून गेली आणि जावईबापूंनी कॉम्प्युटर बंद केला. ग्राहकाला न विचारता मालातून काढून घेणं याला त्यांच्या खात्यात एकच शब्द होता, आणि तो ते सासूबाईंच्या बाबतीत होऊ देणार नव्हते.

ही अडचण जिन्यात बोलून दाखवली हा त्यांचा दुसरा मूर्खपणा. वरच्या मजल्यावर स्टिरिओकाका राहतात. त्यांच्या घरात कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत आणि त्या दोघांच्या मधोमध एक खुर्ची, तिच्यावर काकूंनाही बसायची परवानगी नाही. ते संध्याकाळीच हेडफोन गळ्यात घालून खाली उतरले. "लहान करायची? अहो, गळा दाबून गाणं लहान करता? हे ऐका." त्यांनी हेडफोन जावईबापूंच्या डोक्यावर चढवला. "झांज वाजली. आता तिची शेपूट ऐका. अजून आहे. अजून आहे. आता गेली. तुमच्या एकशे अठ्ठावीसमध्ये ही शेपूट मिळायची नाही."

"पण काका, ही रेडिओवरून टेप केलेली गाणी आहेत. त्यात झांज नाही."

"नसू दे. शेपटीचा प्रश्न तत्त्वाचा आहे," काका म्हणाले.

तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवणाऱ्या वहिनी राहतात. त्यांचं तत्त्व वेगळं. त्या मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा ठेवून गाणी ऐकतात, म्हणजे आवाज मोठा येतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाणं वाजलं की झालं. पेला घेऊन जा हवा तर." दोघांचंही ऐकून घेतल्यावर जावईबापूंनी ठरवलं की निकाल स्वतःच्या कानांनी लावायचा. आपल्याला कान आहे, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. कशावरून होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बैठकीच्या खोलीत परीक्षा भरली. काका, वहिनी, बायको, सगळे. जावईबापू डोळे मिटून मधोमध बसले आणि मुलगी पडद्याआडून गाणी लावू लागली. पहिल्या फेरीत त्यांनी शहाण्णववाल्याला सर्वात भरगच्च ठरवलं. मुलीने आकडा सांगितला तेव्हा काका एवढ्या जोरात खोकले की वहिनींनी पिशवीतून गोळी काढली. जावईबापू म्हणाले, खोलीत माणसं जास्त आहेत, आवाज शोषला जातो. दुसऱ्या फेरीत त्यांनी दोन्ही वेळा मान हलवत ऐकलं आणि बराच विचार करून सांगितलं, "दुसरं. दुसऱ्यात खोली आहे. पहिल्यात आवाज वरवर आहे."

"बाबा, दोन्ही वेळा तेच होतं. मी तीच फाइल परत लावली."

 नवऱ्याची लाज राखावी म्हणून बायको चहा करायला उठली, पण स्वयंपाकघरात गेल्यावर तिला हसू आवरलं नाही आणि ते बाहेर ऐकू आलं. तेवढं बारीक हसू मात्र जावईबापूंना अगदी स्पष्ट ऐकू आलं.

कानांनी दगा दिल्यावर त्यांनी नियमांचा आश्रय घ्यायचं ठरवलं. घरचा कॉम्प्युटर तसाही संथ होता. ऑफिसातल्या चांगल्या कॉम्प्युटरवर हे सॉफ्टवेअर टाकावं म्हणून त्यांनी संगणक विभागात रीतसर अर्ज केला आणि कारण लिहिलं, "आजारी नातलगाच्या उपचारासाठी". जेवणाच्या सुट्टीत आपलं काम उरकून घ्यावं, एवढाच साधा हेतू. संगणक विभागातल्या बाईंनी अर्ज वर पाठवला. वरच्यांनी तो बाजूला पाठवला. बाजूच्यांना त्यात "माप" हा शब्द दिसला, आणि मापाचा प्रश्न असल्याने त्यांनी शेरा मारला की सदर सॉफ्टवेअर देत असलेलं माप प्रमाणित आहे किंवा कसे, याबाबत तांत्रिक अभिप्राय घ्यावा. असे अभिप्राय खात्यात वरिष्ठ निरीक्षक देतात. म्हणजे जावईबापूच. एका सकाळी स्वतःचाच अर्ज त्यांच्या टेबलावर अभिप्रायासाठी येऊन पडला.

दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. पण जावईबापूंनी अख्खं आयुष्य सचोटीने काढलं होतं आणि ती सोडायला त्यांना हा दिवस योग्य वाटेना. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग लिहिलं, "सदर यंत्रणा दर सेकंदास भिन्न माप देते. सबब शिफारस करता येत नाही." अर्ज फेटाळला गेला. त्यांना स्वतःचा रागही आला आणि थोडा अभिमानही वाटला, आणि हे दोन्ही घेऊन ते बसने घरी आले.

इकडे सासऱ्यांचा फोन यायचा. ते जास्त बोलायचे नाहीत. "झालं का?" एवढंच.

"शेवटचा हात फिरवतोय, बाबा."

"बरं. ही वाट बघते, म्हणून विचारलं." आणि फोन ठेवायचे. त्या "बरं"चं वजन जावईबापूंना कुठल्याही काट्याशिवाय कळायचं. थोरल्या जावयांनी एकदा सहज विचारलं म्हणे, की धाकट्यांनी टेपरेकॉर्डर विकला का?

आणि मग एके दिवशी बायको माहेरून आली आणि चप्पलही न काढता दारात उभी राहिली. "तुम्ही टेपरेकॉर्डर उचलून आणलात. निदान तो गिळत गिळत तरी वाजायचा. आता आईसमोर काही नाही, नुसती भिंत आहे. त्या थेरपीच्या बाई म्हणाल्या, या महिन्यांत काही झालं नाही तर पुढे अवघड आहे. आणि तुम्ही इथे शेपट्या मोजताय." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं जावईबापूंना वाटलं. आपल्याला लाज वाटली पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि नंतर खरोखरच लाज वाटली.

म्हणून त्यांनी कंबर कसली. तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि मुलगी म्हणत होती तोच, सगळे वापरतात तोच पर्याय घेतला. बदलतं माप, दर्जा शून्य. पण नेमकी तेव्हाच त्यांना नवी गोष्ट सापडली. गाण्याच्या मागे काहीतरी होतं. सासऱ्यांनी टेप करताना माइक रेडिओसमोर धरला होता, त्यामुळे घरातलं सगळंच आत शिरलं होतं. भांड्याचा आवाज, नळाचं पाणी, आणि कुणीतरी गाण्यासोबत गुणगुणतंय, तेही सुरात किंचित कमी. ही उघडउघड भेसळ होती. भेसळ दिसल्यावर निरीक्षक सोडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सफाईचीही सोय होती. त्यांनी एका गाण्यावर करून पाहिली, समाधान झालं, आणि बाकीचं न ऐकताच सगळं मशीनवर सोपवलं. संथ कॉम्प्युटर घरघरत दिवसचे दिवस चालला. शेवटी निघालेली गाणी स्वच्छ होती, जणू कुणी बंद खोलीत एकट्याने गायली आहेत.

रविवारी सगळे सासऱ्यांच्या घरी गेले. टेपरेकॉर्डर परत केला, मूळ फायलींसकट घरचा तोच संथ लॅपटॉपही सोबत होता, आणि जावईबापूंनी प्लेअर सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून बटण दाबलं. प्लेअरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली, "ही फाइल चालत नाही." पुढचं गाणं. ही फाइल चालत नाही. त्याच्या पुढचं. त्या स्वस्तातल्या प्लेअरला बदलतं माप कळत नव्हतं. या एका मुद्द्यावर तो आणि जावईबापू एकाच मताचे होते, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

"लॅपटॉपवर तर वाजव," बायको मुलीला म्हणाली. मुलीने लावलं. खोलीत गाणं स्वच्छ, निर्मळ वाजलं. सासरे हात मागे बांधून ऐकत राहिले. "छान. आयुष्यभर मला असंच रेकॉर्डिंग हवं होतं," ते म्हणाले, पण तसं म्हणताना त्यांची नजर पलंगाकडे होती. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. त्यांनी चादरीची घडी सारखी केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

  जावईबापूंनी प्लेअर उचलून बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"बाबा, हीच गाणी पुन्हा साध्या मापात बदलून देऊ?" मुलीने हळूच विचारलं.

"नको. एकदा कापलेलं परत कापायचं नाही," जावईबापू म्हणाले. एवढं एक तत्त्व त्यांच्याकडे शिल्लक होतं. "मूळ आहे ना, त्यातून घे."

"पण मग सफाई परत करायला लागेल. दिवस जाईल."

"असेल तसं द्या," बायको म्हणाली. "असेल तसं."

तेव्हा जावईबापूंनी मूळ फाइल उघडली आणि सगळ्यात साधा पर्याय घेतला. स्थिर माप, एकशे अठ्ठावीस, डावा-उजवा आवाज वेगळा न करता एकच, सफाई नाही. खिडकीतला एकही चौकोन वाचला नाही. चहा गाळून होईपर्यंत काम आटोपलं होतं. हेच पहिल्या रविवारी करता आलं असतं, हे सगळ्यांच्या मनात आलं असणार, पण सगळे चांगल्या घरातले असल्यामुळे कुणी म्हणालं नाही.

प्लेअर वाजला. आवाज बसका होता. वरच्या काकांनी ऐकला असता तर ते हेडफोन घालूनच जिना चढून गेले असते. गाण्याच्या मागे नळ वाहत होता, कुणीतरी पातेलं खाली ठेवलं, आणि एका तरुण बाईने गुणगुणायला सुरुवात केली, मनापासून, किंचित कमी सुरात. तिला रेडिओवरच्या गायिकेची अजिबात भीड वाटत नव्हती. पलंगावर सासूबाईंनी मान वळवली. त्या प्लेअरकडे बघू लागल्या, कुणी दारात येऊन उभं राहिल्यावर बघावं तसं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बायकोने आईचा हात धरला आणि कुणाला हलूही दिलं नाही.

गुणगुणणं वाढत गेलं. कडव्याच्या आधी तर रेडिओपेक्षा तेच जास्त ऐकू येऊ लागलं. आणि मग त्या जुन्या खोलीतून, रेडिओच्या अगदी जवळून, एक तरुण वैतागलेला पुरुषी आवाज आला, "अगं, जरा गप्प बस ना. रेकॉर्डिंग चाललंय."

सासरे दचकले. स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला, आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की जावईबापूंना त्यांच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत ते किती वेळा असं म्हणाले होते आणि आता या घरात एका शब्दासाठी सगळे वाट बघत होते.

सासूबाई प्लेअरकडे बघत होत्या. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तोंड वाकडं झालं, शब्द घशात कुठेतरी अडला, पुन्हा ढकलला, आणि मग जाडा, फाटका, पण सगळ्यांना नीट कळेल असा आवाज आला.

"तुम्ही बसा."

बायकोच्या दुसऱ्या हातातली चहाची बशी जमिनीवर पडली आणि कुणी खाली बघितलंही नाही. प्लेअरमध्ये ती तरुण बाई, गप्प बस म्हटल्यावरही, पुढचं कडवं गुणगुणत होती, आणि पलंगावरची बाई ओठ हलवत होती. आता त्या ओठांतून थोडाथोडा सूर निघत होता. किती माल, कुठलं माप, हे कुणी विचारलं नाही. सासरे पलंगाच्या कडेला टेकले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि डोळे पुसत खरोखरच गप्प बसले.